हवा खाणारा पाहुणा

जव्हारला माणसं हवा खायला येतात. ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर अशी त्या गावाची ख्याती. आता जिल्हा पालघर झाला (१ ऑगस्ट २०१४ पासून), त्यामुळे महाबळेश्वराची मालकी बदलली. हवा मात्र तीच आहे. आम्हीही जव्हारला होतो, पण हवा खायला नव्हे, तर बदलीवर. सरकारी नोकराला बदलीच्या गावी हवेशिवाय फारसं काही मिळत नाही, तेव्हा शेवटी अर्थ एकच.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवा अमेरिकेतून नातीचा फोन आला. आमचे चिरंजीव ह्यूस्टनला असतात आणि त्यांच्या चौदा वर्षांच्या कन्येनं शॅमेलिऑन पाळला आहे. हल्लीच्या फोनमध्ये माणूस दिसतो, त्यामुळे शॅमेलिऑनही दिसला. हिरवागार, डोक्यावर मुकुटासारखा तुरा, आणि एक डोळा माझ्याकडे तर दुसरा छताकडे.

"आजोबा, पिकू तीन दिवस काही खात नाही. तुम्ही पूर्वी शॅमेलिऑन पाळला होता ना? बाबा म्हणतो."

बाबा म्हणतो! बाबानं काय काय सांगितलं असेल ते देव जाणे. पण नातीनं आजोबांना प्रश्न विचारणं हीच मुळात आजकाल दुर्मिळ गोष्ट; त्यातून प्रश्न असा, की ज्यावर पंडितांनी दोन हजार वर्षं डोकं खाजवलं. शॅमेलिऑन खातो तरी काय? मी घसा साफ केला आणि म्हटलं, "त्याचा मोठा इतिहास आहे."

पलीकडून एक सुस्कारा ऐकू आला. बहुधा तो पिकूचा नसावा.

तर इतिहास असा. १९८३ सालच्या ऑक्टोबरात, दसरा नुकताच झालेला, पाऊस सरलेला, नागली-वरईची कापणी चाललेली. संध्याकाळी पाड्यांवरून तारप्याचा आवाज यायचा. आमचे चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचे. शिरपामाळाकडे (सुरतेच्या स्वारीला जाताना १६६४ साली शिवाजीमहाराजांचा तिथे मुक्काम पडला असं जव्हारकर अभिमानानं सांगतात) मित्रांबरोबर गेले आणि येताना करवंदीच्या काटकीवर बसवून एक प्राणी घेऊन आले. महाराज सुरत लुटून परतले तेव्हाही इतकी ऐट नसेल!

प्राणी फूटभराहून थोडा मोठा. त्यातली निम्मी शेपूट, तीही जिलबीसारखी गुंडाळलेली. पायांना चिमटे. म्हणजे बोटं दोन आणि तीन अशी जुळ्या-तिळ्यांसारखी चिकटलेली, आणि त्या चिमट्यांनी काटकी घट्ट धरलेली. चालायचा तो असा, की एक पाय पुढे टाकायचा, मागे-पुढे झुलायचा, जणू "टाकू का नको?" असा विचार करायचा, आणि मग कुठे पाऊल पडायचं. डोळे म्हणजे दोन शंकू, एक इकडे तर एक तिकडे. आमच्या ऑफिसातल्या एका वरिष्ठांची मला तीव्रतेनं आठवण झाली. त्यांचाही एक डोळा फायलीवर आणि दुसरा घड्याळावर असे, आणि कुठलाही कागद पुढे सरकवताना ते असेच झुलत. मी प्राण्याचं नाव 'रावसाहेब' ठेवलं.

"अहो, घोयरा आहे तो!" शेजारचे मास्तर दारातूनच ओरडले. "फेका आधी बाहेर! चावला तर माणूस पाणी मागत नाही!"

ही पहिली अफवा. घोयरा म्हणा, सरडगुहिरा म्हणा की शॅमेलिऑन म्हणा, त्याला विष अजिबात नसतं. पण बिचाऱ्याचं ध्यानच असं, की चिडला की फुगतो, काळानिळा पडतो, तोंड वासून फुसकारतो. विष नसलेल्यालाच एवढा देखावा करावा लागतो. ज्याच्याकडे असतं तो गप्प असतो, हे ऑफिसात काम केलेल्या कुणालाही सांगायला नको.

मास्तरांनी दुसरी माहिती दिली ती अधिक सोयीची होती. "त्याला खायला-प्यायला काही लागत नाही. तो हवेवर जगतो."

महिनाअखेर होती. हवेवर जगणारा पाहुणा म्हटल्यावर सौ.चा विरोध मावळला.

मास्तरांना मी पुढे बरीच वर्षं हसलो. पण नंतर वाचनात आलं की मास्तरांच्या बाजूला फार मोठी मंडळी होती. ग्रीकांनी या प्राण्याचं नावच मुळी 'जमिनीवरचा सिंह' अशा अर्थाचं ठेवलं. नावं ठेवण्यात थट्टा करण्याची खोड आपल्यापुरती नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलनं त्याचे गरगरणारे डोळे, गुंडाळलेली शेपूट, अंगातलं तुटपुंजं रक्त, सारं नीट पाहून लिहून ठेवलं. चारशे वर्षांनी रोमचा प्लिनी आला. त्यानं जगातली सगळी माहिती एका ग्रंथात कोंबायचा विडा उचलला होता, आणि अशा ग्रंथात प्रत्येक गोष्ट तपासत बसलं तर ग्रंथ पुरा कसा व्हायचा? त्यानं बेधडक लिहिलं की सर्व प्राण्यांत हा एकच असा, की काही खात नाही, पीत नाही, नुसत्या हवेवर राहतो. हाच प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला तेव्हा किनाऱ्यावर गेला आणि तिथल्या दाट धुरानं श्वास कोंडून मेला, असं त्याच्या भाच्यानं लिहून ठेवलं आहे. शॅमेलिऑनला हवेवर जगवणारा माणूस स्वतः हवेनं गेला.

पण एकदा छापलं की छापलं. पुढची दीड हजार वर्षं युरोपात शॅमेलिऑन हवाच खात राहिला. शेक्सपिअरच्या हॅम्लेटला राजा "कसं काय?" विचारतो तेव्हा तोही आपण शॅमेलिऑनच्या पंक्तीला बसलो आहोत, हवा खातो आहोत, अशा अर्थाचं तिरकं उत्तर देतो. शेवटी १६४६ साली टॉमस ब्राउन नावाच्या एका इंग्रज डॉक्टरानं लोकांच्या खुळ्या समजुतींवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यात शॅमेलिऑनसाठी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातलं. त्याचा युक्तिवाद साधा होता. या प्राण्याला दात आहेत, भलीमोठी जीभ आहे, जठर आहे, आतडी आहेत. एवढं सामान निसर्गानं काय शोभेला दिलं? घरात चूल, तवा, पोळपाट-लाटणं सगळं दिसतंय, आणि मालक म्हणतो आम्ही हवेवर राहतो, तर विश्वास कोण ठेवील?

पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं तर पोटच उघडून पाहिलं. इजिप्तहून आलेला एक शॅमेलिऑन मेल्यावर क्लोद पेरो यानं त्याची चिरफाड केली आणि १६६९ साली सचित्र वर्णन प्रसिद्ध केलं. हा पेरो म्हणजे सिंड्रेलाची गोष्ट लिहिणाऱ्या पेरोचा सख्खा भाऊ. एका भावानं भोपळ्याची गाडी केली, दुसऱ्यानं शॅमेलिऑनचे तुकडे. एकेका घराण्याचं भाग्य असतं. पुढे १६८८ मध्ये या क्लोद पेरोनं एका उंटाची चिरफाड केली आणि त्यातून झालेल्या संसर्गानं तो वारला असं सांगतात. शॅमेलिऑन पचला, पण उंट पचला नाही.

आपल्याकडे असला गोंधळ नव्हता, हे मी इथे अभिमानानं नमूद करतो. महाउम्मग्ग जातकात एक गोष्ट आहे. राजा आपल्या पंडिताबरोबर बागेत शिरत असता कमानीवरचा सरडा खाली उतरून मान लववतो. राजा विचारतो, हा काय करतोय? पंडित म्हणतो, महाराजांना नमस्कार करतोय. राजा खूश! नमस्कार फुकट जाता कामा नये म्हणून सरड्याला रोजचं मांस राजाच्या खर्चानं सुरू होतं. सरड्याला सरकारी खर्चानं खाऊ घातल्याची याहून जुनी नोंद माझ्या पाहण्यात नाही. पुढे एका उपोसथाच्या दिवशी, म्हणजे उपासाच्या, हत्या बंद असल्यामुळे मांस मिळत नाही. तेव्हा ते आणून देणारा नोकर त्या पैशालाच भोक पाडतो आणि सरड्याच्या गळ्यात बांधतो. झालं! गळ्यात अर्धा पैसा पडल्याबरोबर सरड्याला गर्व चढतो आणि तो राजाला नमस्कार करीनासा होतो. राजा संतापतो, पण पंडित म्हणतो, जाऊ द्या महाराज, मुकं जनावर आहे. माझ्या मते आहारशास्त्राचा पहिला नियम इथेच सांगितला आहे: ज्याला जे खाणं लागतं ते त्याला द्यावं, त्याच्या किमतीची दुसरी वस्तू देऊ नये.

दुसरी गोष्ट भागवतातली. नृग राजानं हजारो गाई दान केल्या. पण एका ब्राह्मणाला दिलेली गाय चुकून कळपात परत आली आणि ती त्यानं दुसऱ्याच ब्राह्मणाला दिली. एवढ्या एका कारकुनी चुकीबद्दल राजाला कृकलास, म्हणजे सरडा, होऊन कोरड्या विहिरीत पडावं लागलं. खेळायला गेलेल्या यादवांच्या पोरांना तो सापडला. त्यांनी दोऱ्या बांधून ओढलं, निघेना. मग पोरं कृष्णाकडे गेली. तात्पर्य, पोरांना सरडा सापडणं आणि त्याचं पुढे काय करायचं हा घोर घरातल्या कर्त्या पुरुषाला लागणं, ही परंपरा द्वारकेपासून चालत आली आहे. फरक इतकाच, की श्रीकृष्णानं हात लावताच प्रश्न सुटला. मी हात लावल्यावर वाढला.

कारण रावसाहेब काही खाईनात.

सौ.नं आधी दूधभात ठेवला. (आपल्याकडे कुठलाही जीव घरात आला, माणसाचा असो की मांजराचा, की आधी दूधभात.) रावसाहेबांनी एक डोळा वाटीकडे वळवला आणि परत काढून घेतला. मग भिजवलेली हरभऱ्याची डाळ. मग पेरू. पाण्याची वाटी तर चोवीस तास समोर; पण तिच्यातच पाय देऊन उभे राहिले तरी पिईनात. आता मला ठाऊक आहे की शॅमेलिऑनला साठलेलं पाणी हे पाणी म्हणून कळतच नाही. तो पानावरचे थेंब चाटतो, दवाचे किंवा पावसाचे. चकाकत, हलत, घरंगळत आलं तर ते पाणी. त्याला पाणी पाजायचं म्हणजे झाडावर हळूहळू शिंपडायचं. आम्ही मात्र वाटी बदलून भांडं ठेवलं, भांडं बदलून फुलपात्र ठेवलं. पाहुणा पाणी पीत नाही म्हणजे भांड्यात खोट असणार, अशी आमची समजूत.

राहण्याची व्यवस्था म्हणजे चिरंजीवांच्या बुटांचा खोका. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी (त्यांची भीती आता कुतूहलावर गेली होती) सुचवलं की रंग बदलतो का पाहू. म्हणून रावसाहेबांना सौ.च्या लाल लुगड्यावर बसवलं. ते काळपट झाले. पिवळ्या शालीवर बसवलं. आणखी काळपट झाले. मग चिरंजीवांनी समोर आरसा धरला. तेव्हा मात्र रावसाहेब फुगले, अंगावर गडद ठिपके उमटले, तोंड वासलं. आम्ही टाळ्या पिटल्या. आज ते आठवलं की माझाच रंग बदलतो. जनावर भीतीनं आणि संतापानं काळंनिळं पडत होतं, आणि आम्हाला वाटत होतं जादूचा प्रयोग रंगतोय.

शॅमेलिऑन पाठीमागच्या कापडाप्रमाणे रंग बदलत नाही. ऊन, गारठा, राग, भीती, लग्नाची हौस, यांप्रमाणे बदलतो. तो कसा बदलतो हे २०१५ साली जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या शॅमेलिऑनवर दाखवून दिलं. त्याच्या कातडीतल्या काही पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक असतात, आणि त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग पालटतो. म्हणजे तो स्वतःला रंग लावत नाही, अंगातल्या आरशांची मांडणी बदलतो. "सरड्यासारखा रंग बदलतो" असं आपण राजकारणातल्या माणसांना म्हणतो. यात सरड्यावर अन्याय आहे. सरडा मनात असेल तेच अंगावर दाखवतो.

जहांगीर बादशहाचा चित्रकार उस्ताद मन्सूर यानं मात्र हे जनावर नीट पाहिलं होतं. १६१२ च्या सुमाराचं त्याचं एक चित्र आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे: फांदीवर चिमटे रोवून बसलेला हिरवा शॅमेलिऑन, कातडीचा कणन् कण जागच्या जागी. त्याला कुणी लाल लुगड्यावर बसवलेलं नाही. मन्सूरनं त्याला फांदीवर राहू दिलं, एवढ्यावरूनच तो उस्ताद होता हे कळतं.

तिसऱ्या दिवशी पोरांनी नाकतोडे पकडून आणले, आणि तेव्हा आम्ही ते पाहिलं. पाहिलं म्हणजे दिसलं नाही. समोर काटकीवर नाकतोडा होता. रावसाहेबांचे दोन्ही डोळे प्रथमच एका दिशेला वळले. तोंड किंचित उघडलं. आणि नाकतोडा नव्हता. रावसाहेब चघळत होते. मधलं काहीच दिसलं नाही. तेव्हा मला एकदम प्लिनी क्षम्य वाटला. जी गोष्ट डोळ्याला दिसत नाही ती घडत नाही असं मानणारा तो काही पहिला नव्हे.

ती जीभ अंगापेक्षा लांब असते आणि घशात एका हाडावर गुंडाळून ठेवलेली असते. स्नायू आधी आतली पडदेवजा आवरणं ताणून धरतात, जशी धनुष्याची दोरी, आणि मग एकदम सोडतात. २०१६ साली अमेरिकेत मोजमाप झालं तेव्हा असं निघालं की शॅमेलिऑन जितका लहान, तितका जिभेचा झपाटा मोठा. अंगठ्याएवढ्या एका आफ्रिकी जातीत हा वेग गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे चौसष्ट पटींनी वाढतो! त्याच वर्षी बेल्जियमच्या मंडळींनी शोधलं, की त्या जिभेच्या टोकाची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा चारशे पट चिकट असते. आमच्या ऑफिसात काहींची जीभ या दोन्ही बाबतींत जवळपास पोचलेली होती, पण ते मोजायला कुणी आलं नाही.

नाकतोडे खाल्ले म्हणून घरात आनंदीआनंद झाला. पण तो चारच दिवस टिकला. पाचव्या दिवशी रावसाहेबांनी नाकतोड्याकडे पाठ फिरवली. सहाव्या दिवशीही तेच. आम्ही खोक्यातून काढून त्यांना खिडकीच्या जाळीवर ठेवलं होतं. तर ते जाळीवरून खाली उतरत, शहाबादी फरशीवर येत, कोपऱ्यात जाऊन पुढच्या पायांनी फरशी खरवडत. उचलून जाळीवर ठेवलं की पुन्हा खाली. रात्रीसुद्धा खरखर, खरखर. अंग दोन्ही बाजूंनी फुगलेलं, डोळे मात्र खोल गेलेले.

गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "भाऊसाहेब, मी म्हैस तपासतो." मास्तर म्हणाले, अपचन. सौ. म्हणाली, नजर. चिरंजीव काही म्हणाले नाहीत. ते कोपऱ्यात फरशीवर पालथे पडून रावसाहेबांच्या तोंडासमोर नाकतोडा धरून बसले होते, आणि त्यांच्या नाकातून पाणी येत होतं. मी त्यांना "अरे, तो हवेवर जगतो" असं सांगून पाहिलं. मुलं नऊ वर्षांची झाली की बापाचं खोटं त्यांना कळतं.

त्या सकाळी मोळीवाली आली. वारली बाई, दर दोन-तीन दिवसांनी येई. डोक्यावरची मोळी उतरवली, पदरानं तोंड पुसलं, आणि दारातूनच तिला आमचं हॉस्पिटल दिसलं. ती आत आली, वाकली, आणि रावसाहेबांकडे नुसतं पाहिलं. हात लावला नाही.

"हा नाय," ती म्हणाली, "ही हाय. पोटात अंडी हायती. भुईत गाडल्याबिगर मोकळी नाय व्हायची. फरशीत काय गाडंल ती?"

घरात शांतता पसरली. रावसाहेबांना दिवस गेले होते.

अॅरिस्टॉटल, प्लिनी, ब्राउन, पेरो आणि मी, आम्ही सगळे तो काय खातो याच्या विवंचनेत. त्याला, म्हणजे तिला, काय हवंय हे कुणी विचारलंच नव्हतं. पावसाळा सरला की शॅमेलिऑनची मादी झाडावरून खाली उतरते, ओलसर मऊ जमीन शोधते, स्वतःच्या हातांनी खड्डा खणते, त्यात दहा-वीस, कधी तीसपर्यंत अंडी घालते, माती लोटून बुजवते आणि निघून जाते. त्या आधीचे काही दिवस ती अन्नाला शिवत नाही. तिला माती मिळालीच नाही, तर अंडी पोटातच अडकतात आणि ती मरते. आम्ही तिला दूधभात, पेरू, फुलपात्र, लुगडं, आरसा, सगळं दिलं होतं. मूठभर माती तेवढी दिली नव्हती.

बाईनं सांगितलं तसं केलं. ज्या करवंदीवरून आणली तिथेच तिला नेली. चिरंजीवांना जागा बिनचूक आठवत होती. काटकी जमिनीला टेकवली. ती झुलत झुलत उतरली, चार पावलं गेली आणि थांबली. आम्हीही थांबलो. बाई मागून आली होती. म्हणाली, "चला आता. माणूस बघत असला तर नाय घालायची." आम्ही निमूट परतलो. दोन दिवसांनी चिरंजीव जाऊन पाहून आले. करवंदीच्या बुडाशी वीतभर जागेतली माती उकरून पुन्हा थापल्यासारखी दिसत होती. पिल्लं कधी निघाली ते कळलं नाही. नव्या वर्षात माझी बदली झाली.

रानातला शॅमेलिऑन धरून घरी ठेवणं हा आपल्या देशात गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा आहे. तो आमच्या घरापर्यंत पोचला नव्हता, एवढाच माझा बचाव, आणि तो कुठल्याही कोर्टात टिकणार नाही. तेव्हा कुणाच्या चिरंजीवांनी असा पाहुणा आणलाच, तर ज्या झुडपावरून आणला त्याच झुडपावर, त्याच संध्याकाळी, नेऊन सोडावा. दूधभात आपण खावा.

हे सगळं मी ह्यूस्टनला सांगितलं. (उंटाचा भाग गाळला, तरी पाऊण तास लागला.) नातीचा पिकू मूळचा येमेनकडच्या जातीचा, पण तिकडेच पिंजऱ्यात पैदास झालेला. त्याची व्यवस्था पाहून मला आमच्या बुटांच्या खोक्याची लाज वाटली. चारी बाजूंनी जाळीचा, हवेशीर, माणसाएवढा उंच पिंजरा. आत खरं झाड. ऊन खायला एका टोकाला तापणारा दिवा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून अतिनील किरणांचा वेगळा दिवा. पानांवर थेंब थेंब पाणी गळावं म्हणून नळी. खायला रातकिडे, तेही असेतसे नव्हेत: आधी त्या रातकिड्यांना गाजर आणि पालेभाजी चारतात, मग त्यांना कॅल्शियमची पूड लावतात, आणि मग वाढतात. न खाल्लेले किडे रात्री काढून घेतात, नाहीतर ते उलट शॅमेलिऑनलाच चावतात. काजवा चुकूनही द्यायचा नाही, तो विषारी. बागेतले औषध फवारलेले किडेही नाहीत. एका पिंजऱ्यात एकच, शेजार सोसत नाही. आणि उगाच हातात घ्यायचं नाही. आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये यातल्या एकाही गोष्टीची काळजी कुणी घेतली नव्हती.

"मग आता सांग," मी म्हटलं, "पिकू खाली उतरतो का? तळ खरवडतो का?"

"हो! कालपासून. पण आजोबा, पिकू तर एकटा राहतो. त्याला कुणी मित्र नाही."

"त्या जातीत नराशिवायसुद्धा अंडी होतात. उबत नाहीत, पण घालावी लागतात. आणि जास्त खाऊ घातलं की जास्त होतात. आधी त्याला बादलीभर ओली वाळू दे. बोट रोवलं तर भोक तसंच राहील इतकी ओली. हातभर खोल. वरून पडदा टाक आणि खोलीतून बाहेर जा. आणि उद्यापर्यंत काही झालं नाही तर सरळ डॉक्टरकडे ने. तुमच्याकडे म्हशीशिवायचे डॉक्टर असतात ना?"

दुसऱ्या दिवशी फोन आला. अडतीस अंडी! पिकू (नाव बदलायचं नाही असं ठरलं आहे) झाडावर परत चढून पानावरचं पाणी पीत होती. नातीमागे आमचे चिरंजीव उभे होते. पन्नाशी उलटली, डोक्यावर ऊन खायला भरपूर जागा झाली आहे, पण नाकातून पाणी तसंच.

"बाबा," ते म्हणाले, "त्या मोळीवाल्या बाईचं नाव काय होतं हो?"

मी प्लिनीच्या भाच्यापासून सिंड्रेलावाल्याच्या भावापर्यंत सगळी नावं धडाधड सांगितली होती. दोन हजार वर्षांत ज्यांनी ज्यांनी चूक केली त्यांची नावं मला पाठ होती. जिनं एका नजरेत बरोबर सांगितलं, तिचं नाव आम्ही विचारलंच नव्हतं. मोळी किती रुपयांची, एवढंच विचारलं होतं.

आणि आठवतंय ते एवढंच, की त्या दिवशी मोळी अडीच रुपयांची होती, आणि सौ.नं घासाघीस करून सव्वादोनला घेतली होती.